मासळी डाव्या हातात

उस्मानचाचा, मस्कतच्या या अख्ख्या मत्रह बाजारात माझ्याइतका झांझिबार कोणाच्या हातातून गेला नसेल. फक्त तो सगळा मी मागच्या बाजूने बघितला.

तुम्हाला हे माहीत आहे. पण आता दुसऱ्यांच्याही कानावर जाणार म्हणून सांगतो. फ्रेमवाला फोटो पालथा घालतो. खाली काच, काचेवर फोटो तोंड खाली करून, वर पुठ्ठा, मग बारीक खिळे. फोटोचं तोंड गिऱ्हाइकाला, पाठ आपल्याला. तिकडच्या, आफ्रिकेच्या किनाऱ्याची शिडाची गलबतं, लवंगा वाळत घातलेली अंगणं, मोंबासाचा किल्ला, लामूची गाढवं, सगळं तुम्ही समोरून बघायचात आणि माणसांना दाखवायचात. माझ्या वाट्याला डिंकाचे डाग, टपालाचा शिक्का आणि झुरळाने खाल्लेला कोपरा. उद्या कोणी मला विचारलं, झांझिबार कसं आहे रे, तर मी सांगेन, पिवळट आहे आणि एका कोपऱ्याला ओल आली आहे.

मला लिहिता येत नाय, ते तुम्हाला ठाऊक. हे मी फोनमध्ये बोलतोय. पनवेलला माझी मुलगी ऐकून लिहून काढेल. ती बोलली, अब्बा, तुम्ही जिथे थांबाल तिथे मी टिंब देईन. मी बोललो, मग टिंबच जास्त होतील.

तुम्ही गेल्यापासून मला काय होत नाय, चाचा. रडू येत नाय, भूक लागत नाय, राग पण येत नाय. परवा काच कापताना बोट कापलं. रक्त बघितलं आणि मला वाटलं, हे कोणाचं? मग फडकं गुंडाळलं आणि कापलेली काच बघितली तर ती पण एक बोट आखूड. गिऱ्हाईक बोललं, माशाल्ला, बोट पण आखूड, काच पण आखूड. मी हसलो. म्हणजे तोंडाने हसलो.

तुमच्या दुकानात लागायच्या आधी मी रुसैलच्या फॅक्टरीत काचा उचलायचो. एका अरबाच्या घरी काच बसवायला मला पाठवलं, मी ती जिन्यात फोडली. तुम्ही तिथेच बसला होतात, फोटो विकायला आलेले. मी तुकडे गोळा करताना आमच्याकडची शिवी दिली, कोकणातल्या दिघीची, तुमच्या वडिलांच्या गावाकडची. तुम्ही एकदम उठून उभे राहिलात. बोललात, "ही शिवी मी वडलांनंतर कोणाच्या तोंडून ऐकली नाय. कुठला तू?" नोकरी मला शिवीवर लागली. घरी मी सांगायचो, माझं काम बघून लागली.

तुमचे वडील बोटीवरून झांझिबारला उतरले ते उतरलेच. तुम्ही तिथे जन्मलात. आणि तिथे क्रांती होऊन सगळं उधळलं तेव्हा ज्या अरब लोकांबरोबर इकडे आलात, तेच लोक तुमचं गिऱ्हाईक झाले. मस्कतमधली ही घरं, ज्यांचे आजे-पणजे त्या किनाऱ्यावर राहिले, ती जुनी पोस्टकार्डं शोधत यायची. तुम्ही "करिबू, करिबू" करत खुर्ची पुढे ओढायचात. मग तुमची ती स्वाहिली भाषा सुरू. त्या भाषेत माणसं भांडत असली तरी गाणं म्हणतायत असं वाटतं. एका कार्डावर तासभर बोलणं. ही गल्ली कुठली, हा दरवाजा कोणाचा, त्या दरवाजामागे राहणारी बाई कोणाशी बोलत नसायची. मग ते लोक कार्ड न घेताच जायचे आणि तुम्ही खूश. मी बोलायचो, चाचा, आपलं दुकान आहे की गप्पांची मजलिस. तुम्ही बोलायचात, "तू पाठ बघ."

आणि बायकांच्या फोटोंचा कायदा. घरातली बाई ज्या फोटोत असेल, तो घरचा माणूस कपड्यात गुंडाळून आणायचा. तुम्ही तो कपड्यासकट पालथा माझ्या टेबलावर ठेवायचात आणि मग कपडा ओढून घ्यायचात, जादूवाल्यासारखा. मी फक्त पाठ बघायची. काच खालून पुसायची ती पण नजर वर छताकडे ठेवून. काम झालं की पुढच्या बाजूला कागद चिकटवून द्यायचा. गिऱ्हाईक गेलं की तुम्ही विचारायचात, "कोण होतं रे फोटोत?"

"पुठ्ठा."

"शाब्बास."

पहिल्या वेळी मी चुकलो होतो. तुम्ही विचारलंत आणि मी बोललो, "बहुतेक सासू असेल." तुम्ही मला दिवसभर झाडू मारायला लावलंत. आणि चाचा, खरंच सांगतो, मी बघितलं नव्हतं. नुसता अंदाज.

एकच फोटो होता जो मी समोरून बघायचो, कारण तो माझ्या टेबलाच्या वर लटकवलेला होता. पोस्टकार्ड. हाताच्या पंजाएवढं. एक अरुंद गल्ली, दोन्ही बाजूला उंच पांढरी घरं. खाली पुढे होडीचा जाड दोर पडलेला, म्हणजे फोटो काढणारा समुद्राकडे पाठ करून उभा. आणि डाव्या हाताला एक घर. त्याच्या दाराबाहेर दगडी बाक, ज्याला तुम्ही बराझा म्हणायचात, येणाऱ्या-जाणाऱ्याने बसायचा. त्या बाकाचा कोपरा तुटलेला.

"हे माझं घर," तुम्ही बोललात पहिल्याच आठवड्यात. "तो कोपरा बघ. गाडा आपटून तुटला, माझ्या जन्माच्या आधी. शेजारी सोडावाला होता. गोटीचा सोडा. मी त्याच बाकावर बसून ढेकर द्यायला शिकलो."

मी बोललो, "सोडावाला दिसत नाय."

"दुकानाची पाटी आहे ना ती. मुंगीएवढी दिसते."

"आणि घर?"

"घर समुद्राकडून येताना उजव्या हाताला."

मी फोटो बघितला. परत बघितला. बोललो, "चाचा, फोटोत डाव्या हाताला आहे."

तुम्ही चष्मा काढलात, पुसलात, घातलात. बघितलंत. मग बोललात, "उजव्याच."

तिथून आपलं सुरू झालं. चहा आला की एक विषय. तुमचं एक म्हणणं, की बराझा माझा, कोपरा माझा, घर माझं. माझं म्हणणं, दुनियेत बाकाचे कोपरे किती तुटत असतील, आणि बाजूच चुकते तर घर दुसऱ्याचं. मी बोलायचो, तुम्ही त्या गल्लीत उलटे चालत यायचात काय. तुम्ही बोलायचात, मी पोराबाळांचा बाप आहे, मला माझं घर कुठल्या हाताला ते कळत नाय? मी बोलायचो, मला पण कळत नाय, मी एकदा वादी कबीरला दुसऱ्याच्या खोलीत जाऊन चप्पल काढून झोपलो होतो. ते खरं आहे. त्या माणसाने मला उठवलं नाय, वर चादर घातली. त्याला वाटलं खोलीत नवीन पार्टनर आला.

मला मजा यायची, चाचा. तुम्ही चिडलात की तुमचं मराठी आजोबांच्या वेळचं व्हायचं आणि मध्येच स्वाहिली घुसायची. मला वाटायचं, माणूस चिडतोय म्हणजे तब्येत बरी आहे.

तो दिवस आठवतो, तुम्ही मला दाखवून द्यायला निघालात तो? बोललात, "चल बाहेर." पाण्याची बाटली डाव्या हातात घेतलीत. "ही मासळी," बोललात. "आई मला किनाऱ्यावर मासळी आणायला पाठवायची. तिने सांगितलेलं, मासळीचा हात भिंतीला लावशील तर बघ, चुन्याला वास राहतो. म्हणून मासळी कायम डाव्या हातात, आणि उजवा हात भिंतीला घासत घरापर्यंत. डोळे मिटून यायचो मी. हात घराला लागला की कळायचं."

आणि मग तुम्ही खरंच डोळे मिटून सूकच्या, आपल्या बाजाराच्या गल्लीत चालायला लागलात. उजवा हात दुकानांवर घासत. शालींवरून, धूपदाण्यांवरून, एका बिचाऱ्या टुरिस्टच्या पाठीवरून. अत्तरवाल्या मलबारीच्या बाटल्यांपर्यंत पोचलात तेव्हा तो ओरडला, "अरे चाचा, क्या करता है, मेरा दुकान गिराएगा?"

तुम्ही डोळे न उघडता बोललात, "घर जाता है."

"घर उस तरफ है!"

मी मागून हसून हसून खाली बसलो. तुम्ही परत आलात, बाटली माझ्या हातात दिलीत आणि बोललात, "हात खोटं बोलत नाय, हनीफ." मी काय बोललो? मी बोललो, "हात तुमचा खरा असेल चाचा, घर दुसऱ्याचं आहे." मलबारी पण हसला. तुम्ही नाय हसलात. मला दिसलं होतं. मी चहा सांगितला.

पुढे तुमचं विसरणं सुरू झालं. किल्ल्या फ्रिजमध्ये. गिऱ्हाइकाला एकच कार्ड दोनदा दाखवायचं. डॉक्टर बोलला, वय आहे, शुगर आहे. तुम्ही मध्येच काम थांबवून त्या पोस्टकार्डाकडे बघायचात. आधी तुम्ही मला सांगायचात, उजव्या हाताला. आता विचारायला लागलात. "उजव्याच हाताला ना रे?" मी आपला तोच. मला एकच विनोद येतो आणि तो मी रोज करतो.

कारण तुमच्याकडे त्या घराचं दुसरं काय नव्हतं. दुसऱ्यांच्या घरांचे ढिगाने फोटो, आणि तुमच्या घराचा हा एक, तो पण चुकीच्या बाजूला. हे मला तेव्हा कळत नव्हतं असं नाय. कळत होतं. पण मला वाटायचं, मी हो बोललो तर तुम्ही समजाल की हा आता माझी दया करतोय. मग माणूस झपाट्याने म्हातारा होतो.

हॉस्पिटलमध्ये मी भेटायला आलो तेव्हा दुपार होती. खिडकीतून डोंगर दिसत होता, नुसता दगड. तुम्ही नळ्यांमध्ये. मी खजूर आणला होता, शुगरवाल्या माणसाला, हे पण माझंच डोकं. नर्सने तो घेऊन बाजूला ठेवला. तुम्ही माझा हात धरलात. उजव्या हाताने.

"हनीफ, ते घर. उजव्या हाताला ना?"

मला वाटलं, भांडू या. भांडलात की उठून बसाल. म्हणून मी नेहमीसारखं बोललो, "चाचा, फोटोत डाव्या हाताला आहे. ते तुमचं घर नाय."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. बोललात, "बरं. तू बोलतोस तर तसं." आणि भिंतीकडे तोंड केलंत.

इतक्या वर्षांत तुम्ही पहिल्यांदा हरलात. मी तिथे उभा राहिलो. काय करायचं ते कळेना, म्हणून तुमचा खजूर मीच खाल्ला. त्यानंतर तुम्ही माझ्याशी काय बोलला नाय, कारण त्यानंतर तुम्ही कोणाशीच बोलला नाय.

दफनाच्या आधी सगळे शेवटचं तोंड बघायला पुढे गेले. मी पायाकडे उभा राहिलो. सवय. मलबारीने मला ढकललं, "जाओ, देखो." मी नाय गेलो. माती टाकली तेव्हा पण बाकीचे रडत होते आणि मी कबरीची लांबी-रुंदी बघत होतो, पट्टी किती लागेल अशी. मग स्वतःलाच बोललो, हनीफ्या, फ्रेम नाय करायची याची.

काल तुमच्या घरून निरोप आला. चाचीने सांगितलेलं, दुकानात टेबलाच्या वर गल्लीचा फोटो आहे, तो आण, पण मला त्यातलं काय दिसत नाय, मोठा करून आण. मी तो भिंतीवरून काढला. मागे भिंतीला एक पांढरा चौकोन राहिला. फ्रेम उघडली, कार्ड बाहेर काढलं आणि रुवीच्या फोटो स्टुडिओत घेऊन गेलो.

तिथे कॉम्प्युटरवर बसलेला आपल्याकडचाच, पुण्याचा माणूस. त्याने कार्ड मशिनात टाकलं, पडद्यावर मोठं केलं. मग आणखी मोठं केलं. घराच्या शेजारी ती मुंगीएवढी पाटी आता तळहाताएवढी झाली. तो मान वाकडी करून बघत बसला.

"काका, ही पाटी वाचता येतेय का तुम्हाला?"

मी बोललो, "मला सगळ्या भाषा सारख्याच. मला वाटायचं गुजराती असेल."

"गुजराती नाही, इंग्रजी आहे. उलटी आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे आरशात दिसते तशी. पूर्वी काचेवर फोटो घ्यायचे ना. ती काच छापताना उलट्या बाजूने लावली कुणीतरी. अख्खा फोटोच उलटा छापलाय." असं बोलून त्याने एक बटण दाबलं.

चाचा, तुमचं घर उडी मारून उजव्या हाताला गेलं.

बराझा गेला, तुटका कोपरा गेला, होडीचा दोर इकडचा तिकडे झाला. आणि तो पुणेकर पाटीवर बोट ठेवून मला वाचून दाखवत होता. "सोडा वॉटर. पुढचं पुसट आहे, पण सोडा वॉटर नक्की."

मी बोललो, "परत कर."

त्याने परत केलं. घर डाव्या हाताला.

"आता परत."

उजव्या हाताला.

"परत."

किती वेळा करायला लावलं, मला आठवत नाय. तो आधी हसत होता, मग हसायचा थांबला. त्याने मला पाणी दिलं. मी ती बाटली डाव्या हातात घेतली आणि उजवा हात खुर्चीवरून खाली पडल्यासारखा लटकत होता. मला अजून पण काय झालं नाय, चाचा. नुसतं कान बंद झाल्यासारखं. मला एवढंच वाटत होतं, की काच उलटी लावणं ही फ्रेमवाल्याची चूक आहे. कुठल्या तरी हनीफ्याने केलेली, माझ्या जन्माच्या आधी.

आणि इतकी वर्षं ती पाटी आपल्या डोक्यावर. तुमचा चष्मा जाड, मी अंगठाछाप. शाळेत गेलेलं कुठलं पण पोर टेबलावर चढलं असतं तर एका मिनिटात आपलं भांडण खलास झालं असतं. आपण दोघंच असे मिळालो एकमेकांना.

मी मोठा फोटो काढून घेतला, सरळ केलेला. रात्री नाय थांबलो, तसाच दुकानात येऊन सगळ्यात चांगली पट्टी लावली, ती जाड, सागवानी, जी तुम्ही मला कधी हात लावू द्यायचा नाय. माप बरोबर आलं. आयुष्यात पहिल्यांदा, आणि बघायला तुम्ही नाय. काच पुसून मी फोटो सरळ उभा केला आणि समोर बसलो. कोणी विचारलंच असतं, कोण होतं रे फोटोत, तर मला आज पुठ्ठा म्हणता आलं नसतं.

सकाळी घेऊन गेलो तुमच्या घरी. चाची इद्दतीत आहेत, नवरा गेल्यावर बाई चार महिने पाळते त्या, तेव्हा परक्या माणसासमोर येणार नायत. दार अर्धं उघडं, मध्ये पडदा. मी फ्रेम पडद्याखालून आत सरकवली. तुमच्या कायद्याने पालथी सरकवली, मग वाटलं, हे काय करतोय, म्हणून पडद्याखालूनच ती उलटी करायला गेलो आणि माझी बोटं तिच्याखाली अडकली. आतून आवाज आला, "सोड रे, मी घेते."

मग फ्रेम उचलल्याचा आवाज. बांगड्या तर आता नसतात, म्हणून नुसतं लाकूड लादीवर घासल्याचा.

मी पडद्याला सगळं सांगितलं. पाटी, काच, बटण, उजवा हात. सोडा वॉटर. मासळी डाव्या हातात होती, चाचा खरं बोलत होते, घर त्यांचंच. आणि मग हॉस्पिटलचं पण सांगितलं. बोललो, "चाची, ते हरून गेले. मी त्यांना शेवटी बोललो, ते तुमचं घर नाय. ते बोलले, बरं, तू बोलतोस तर तसं. आणि भिंतीकडे तोंड केलं. माझ्यामुळे ते घर सोडून गेले."

पडदा हलला नाय. मला वाटलं आत कोणी नाय आणि मी हॉलच्या सोफ्याशी बोलतोय. माझ्या बाबतीत तसं होऊ शकतं.

मग चाची बोलल्या. रडक्या आवाजात नाय, भाजीवाल्याशी बोलतात त्या आवाजात.

"समोरच्याला गप करायचं असलं की ते बरं म्हणायचे आणि भिंतीकडे तोंड करायचे. निकाह झाल्यापासून मी त्यांची पाठच बघत आले. तू कोण मोठा लागून गेलास, हनीफ, की तुझ्या बोलण्यावर ते आपलं घर सोडतील?"